एकटीनं बांगड्या भरताना

"वहिनी, हे तुम्हीच वाचा. मला मोठ्यानं वाचवत नाही," असं म्हणून हेमंत भावजींनी फोन माझ्यापुढं टेबलावर सरकवला आणि स्वतः दाराकडं तोंड करून उभे राहिले.

मी कोचीला जायच्या खोक्यात कागदाचे बोळे कोंबत होते. हात पुसले, फोन घेतला. आमच्याच दुकानाच्या पेजवरचा, आमच्याच बांगड्यांचा व्हिडिओ होता आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं: 'बायांनो, हे हात कुणाचे आहेत माहीत आहे का? विट्याच्या डहाळे कासारांच्या थोरल्या सुनेचे. तिचा नवरा कधीच वारलाय. असल्या हातावर मिरवलेला चुडा आपल्या लेकीला लग्नात घालायचा का, ते ज्याचं त्यानं ठरवा.'

खाली नाव होतं इंदुमती सावंत, कोइमतूर.

खरं सांगते, मला आधी राग आलाच नाही, हसू आलं. मूळच्या आमच्याच गावच्या याच इंदुताईनं श्रावणात मला मेसेज केला होता, 'वैजू, त्या व्हिडिओतल्या बाईचे हात किती गोड गं. कुठून आणलीस?' मी उत्तर दिलं होतं, 'आहे घरातलीच.' मग दिवाळीला ती गावी आली, दुकानात येऊन बसली, मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि माझ्या मनगटावरचा, व्हिडिओत दिसतो तोच तीळ तिनं पाहिला असणार. गोड हात एका घोट पाण्यात कडू झाले.

"ऑर्डरी रद्द व्हायला लागल्यात," भावजी तसेच पाठमोरे बोलले. "सकाळपासून तेच चाललंय. बनारसचे पवार, कोचीचे जाधव. हे खोकं भरू नका, हेही गेलं."

"भरते मी. परत आलं तर परत उघडीन," मी म्हटलं आणि उरलेले बोळे कोंबले.

आता आमचं दुकान म्हणजे काय होतं ते सांगायला हवं. आमच्या विट्याच्या बाजूची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं ते काम. त्यासाठी माणसं कुठल्या कुठं गेली, कोची काय, बनारस काय, कोइमतूर काय. बायकोपोरं तिकडंच. पण लग्न निघालं की चुडा पाहिजे तो गावचा, आणि तिकडं हात दाबून बांगड्या भरणारा कासार मिळतोय कुठला? मग त्या बायका आमच्या दुकानात फोन करायच्या. त्यावरून भावजींच्या डोक्यात आलं आणि त्यांनी 'डहाळे बांगडी भांडार' नावाची वेबसाइट करून घेतली. कितीतरी महिने तिकडं कुणी चिटपाखरू फिरकलं नाही. बांगड्यांचे फोटो मखमलीवर मांडून काढलेले. बांगडी मखमलीवर ठेवली की मेलीच. ती हातात शोभते.

म्हणून मी एकदा फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि माझ्याच हातात बांगड्या भरून फोटो काढले. तोंड दाखवलं नाही, कोपरापर्यंत हात तेवढे दाखवले. मला त्यात काही वाटलं नाही असं नाही. वाटलं. फार बरं वाटलं.

माझे मिस्टर, श्रीधर, काविळीनं गेले तेव्हा मी तिशीतही नव्हते. मूलबाळ नव्हतं. त्याआधी मी दुकानात मामांच्या शेजारी बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायची. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. माझा हात हलका होता, नव्या नवऱ्या मुद्दाम माझ्यापुढं हात करायच्या. श्रीधर गेले आणि दिवस झाल्यावर एका सकाळी बघते तर माझी बसायची गादी आतल्या खोलीत नेऊन ठेवलेली. कुणी एका शब्दानं काही बोललं नाही. विधवेनं सवाष्णीच्या हातात चुडा भरू नये, हे सांगायला बोलावं लागतंच असं नाही. तेव्हापासून मी आतल्या खोलीत खोकी भरायला लागले.

फोटो टाकले तशी वेबसाइटवर माणसं यायला लागली. आतल्या टेबलावर रोज सकाळी लहान मापाचा एखादा जोड काढून ठेवलेला असायचा, तोच मी फोटोला घालायची. मग मी एक व्हिडिओ केला. 'एकटीनं बांगड्या भरताना.' काही फार मोठी विद्या नाही. दुधाची रिकामी पिशवी धुऊन हातावर चढवायची, अंगठा तळव्यात दुमडायचा, पिशवीवरून एकेक बांगडी हळूहळू सरकवायची आणि मग पिशवी आतून ओढून काढायची. एकही बांगडी वाढत नाही. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तो व्हिडिओ मी परमुलखातल्या गलाईवाल्यांच्या बायकांसाठी केला होता. तो असा चालला की विचारू नका. वेबसाइटवर येणारी निम्मी गिऱ्हाइकं त्यावरूनच यायची.

त्यांना उत्तरं द्यायचं कामही माझंच. कुणाला दोन-चारचं माप बसेल का दोन-सहाचं, हे हाताचा फोटो बघून मी सांगायची. पण त्या व्हिडिओवरून येणारी काही गिऱ्हाइकं जरा वेगळीच होती. मागणी लहान, साध्या बांगड्यांची. आणि खाली ठरलेलं वाक्य, 'फोन करू नका, मेसेजच करा.' आणखी एक, 'खोक्यावर बांगड्या असं लिहू नका.' मी आपली 'बरं ताई' म्हणून खोक्यावर 'काचसामान' लिहून द्यायची. शालन मोहिते नावाची एक बाई तर कडेपूरची. एसटीत बसली की इथं. तरी तिची मागणी पोस्टानं यायची. भावजी हसायचे, "एवढ्या जवळची बाई, दुकानात का येत नाही? बांगड्यांची चोरी आहे काय हिला?" मीही हसायची.

तर इंदुताईचं ते लिखाण पडलं आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याहून कौस्तुभ आला. आमची ऑनलाइन जाहिरात बघायला भावजींनी ठेवलेला तरुण माणूस. पुढं दुकानात मामा एका बाईच्या हातात बांगड्या भरत होते. आम्ही तिघं आत बसलो. त्यानं लॅपटॉप उघडला.

"मॅडम, घाबरायचं काही कारण नाही," तो म्हणाला. "आपण हे व्यवस्थित हाताळू."

"मी घाबरलेय असं कुणी सांगितलं?"

तो जरा गडबडला. मग त्यानं बेत सांगितला. माझ्या हातांचे सगळे फोटो आणि व्हिडिओ काढून टाकायचे. पेजवर एक निवेदन टाकायचं. ते त्यानं लिहूनच आणलं होतं: 'व्हिडिओतील हात पुण्यातील व्यावसायिक मॉडेलचे आहेत. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये.' पुढच्या आठवड्यात खऱ्याच एका मॉडेलला आणायची, तिला शालू नेसवायचा आणि नव्यानं सगळं शूट करायचं.

"नवीनच लग्न झालेली मुलगी आहे," तो म्हणाला. "म्हणजे कुणाला बोलायला जागाच नाही."

"लग्नाचा दाखला पण लावणार का खाली?" मी विचारलं.

"वहिनी," भावजी हळूच म्हणाले.

"आणि तो एकटीनं बांगड्या भरायचा व्हिडिओ तर मी आधीच काढा म्हणणार होतो," कौस्तुभनं लॅपटॉपवरचे आकडे माझ्याकडं फिरवले. "ट्रॅफिक खूप आहे त्याला, पण चुकीचं ट्रॅफिक आहे. या बायका मोठी खरेदी करत नाहीत, नंबर देत नाहीत, फोटो टाकत नाहीत, कुणाला सांगत नाहीत. असं गिऱ्हाईक आपल्या काय कामाचं? आपल्याला लग्नाचा चुडा विकायचाय. जो माणूस लपूनछपून येतो त्याच्यासाठी दुकान चालवत नाहीत."

"येतात ना पण? पुन्हा पुन्हा येतात."

"कशाला येतात ते तरी तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. पण त्या निवेदनाचा कागद माझ्यासमोर होता आणि त्यातला 'अफवा' हा शब्द माझ्या डोळ्यात खुपत होता. मी जिवंत बाई, माझे हात माझ्या खांद्याला जोडलेले, आणि ते माझे आहेत ही अफवा.

"हे मी टाकणार नाही," मी म्हटलं. "हात माझे आहेत. दुसऱ्या कुणाचे म्हणून मी लिहिणार नाही, आणि तुम्हालाही लिहू देणार नाही."

"वहिनी, समजून घ्या," भावजींचा आवाज चढला नाही, उलट पडला. "फिरोजाबादचा सगळा माल येऊन पडलाय. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. ही सराई गेली तर दुकान उभं राहायचं नाही. तुमच्यावर कुणी बोट ठेवत नाही इथं. मी ठेवतोय का? फक्त थोडे दिवस शांत राहा. वाटलं तर माहेरी जाऊन या. सगळं निवलं की या परत."

गादी तर आत गेलीच होती, आता मीही जाणार होते. परत या म्हणणारा माणूस मनापासून म्हणत होता, तरी मला ठाऊक होतं की परत आल्यावर माझ्या हातात फक्त चिकटपट्टी आणि कात्री असेल. वेबसाइट माझी नसेल, गिऱ्हाइकं माझी नसतील, आणि त्या डब्याला टेकवलेल्या फोनपुढं दुसऱ्याच कुणाचे हात असतील.

तेवढ्यात मामा दारात आले. त्यांनी ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. वाटलं, एक शब्द बोलतील.

"हेमंत," ते म्हणाले, "पुढं गिऱ्हाईक बसलंय. दोन-सहाची पेटी काढ." आणि निघून गेले.

त्या क्षणी मला इंदुताईपेक्षा मामांचा राग जास्त आला. तिनं निदान तोंडानं बोलून दाखवलं होतं.

रात्रभर तो राग माझ्यासोबत जागा होता. सकाळी उठले, न्हाले, चांगली जांभळी साडी नेसले. दुकान उघडून मामा गादीवर बसले होते, भावजी माल लावत होते. कौस्तुभ मुक्कामाला होता, तो चहा पीत होता. मी आतल्या खोलीतली माझी गादी उचलली आणि पुढं आणून मामांच्या शेजारी, तिच्या जुन्या जागेवर टाकली. तांदळाचा डबा समोर ठेवला, त्याला फोन टेकवला.

"काय करताय वहिनी?"

"काम," मी म्हटलं आणि पेजवर लाइव्ह सुरू केलं.

कौस्तुभ उठला. "मॅडम, थांबा. निदान काय बोलायचं ते आधी ठरवू."

"ठरलंय."

मी फोनपुढं बसले. पहिल्यांदाच तोंडासकट. आधी माझंच तोंड बघून मी दचकले. मग बोलले. जसं बोलले तसंच सांगते.

"मी वैजयंता श्रीधर डहाळे. इंदुताईंनी लिहिलंय ते खरं आहे. हे हात माझे आहेत आणि माझे मिस्टर वारलेत. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तोंड दाखवलं नाही ती माझी भीड होती, आज ती संपली. या हातांवर बघून तुमच्यातल्या कितीतरी जणींनी बांगड्या घेतल्यात. लेकीसाठी घेतल्यात, सुनांसाठी घेतल्यात. त्यातल्या एका जरी बांगडीनं कुणाचं वाईट झालं असेल, तर आत्ता खाली लिहा. मी इथंच बसलेय. वाट बघते."

आणि मी खरंच गप्प बसले. बघणारांचा आकडा वाढत चालला होता. भावजी हातात पेटी धरून तसेच उभे. कौस्तुभ खालचं वाचत होता. कुणी काही लिहीना. मग एकीनं लिहिलं, 'माझ्या मुलीला जुळे झाले.' त्याखाली दुसरीनं लिहिलं, 'हे शोभत नाही. लाज वाटली पाहिजे.'

"दुसऱ्या ताईंना शोभत नाही म्हणे," मी म्हटलं. "बघू या शोभतात का ते."

मी दुधाची पिशवी काढली, हातावर चढवली. अंगठा दुमडला. आणि शेजारून मामांचा हात आला. त्यांनी ती पिशवी माझ्या हातावरून सर्रकन ओढून काढली.

मला वाटलं, आता उठवणार मला.

"कासाराच्या दुकानात बसून पिशवीनं भरतीस?" मामा म्हणाले. "लोक हसतील आपल्याला. आण हात हिकडं."

त्यांनी गादीखालून हिरव्या बांगड्यांचा जोड काढला. आधीच काढून ठेवलेला.

"माप?" मी कशीबशी बोलले.

"दोन-चार. आतल्या टेबलावर रोज सकाळी दोन-चारचा जोड कोण ठेवतंय असं वाटलं तुला? आपल्या घरात आणखी कुणाचा हात एवढा बारीक हाय?"

मी आजवर समजत होते, तो न खपणारा माल, म्हणून फोटोला बाजूला काढलेला. मामांनी माझा पंजा दाबला, बोटं मिटवली आणि बांगड्या चढवायला लागले. फोन चालू आहे, सगळा मुलूख बघतोय, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. पोराच्या आठवणीनं त्यांचे डोळे भरले होते आणि मी तर धड रडतही नव्हते, हसतही नव्हते.

शेवटची बांगडी चढली तेव्हा रिवाजानं मी त्यांच्या पाया पडले. ते फोनकडं बघून एवढंच म्हणाले, "इंदू, तुझ्या लग्नाचा चुडा मीच भरला. तुला आठवत असंल, तुझा उजवा हात हिनं धरला होता. तो चुडा चांगला लाभला तुला." आणि माझ्याकडं वळले, "बंद कर आता ते. गिऱ्हाइकं यायची वेळ झाली."

हे ऐकून सगळ्या जगाला उपरती झाली असं काही नाही हं. ज्यांनी ऑर्डरी रद्द केल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्या रद्दच ठेवल्या. इंदुताईनं लेकीचा चुडा दुसरीकडून नेला. ती सराई आम्हाला ओढाताणीची गेली.

पण त्याच दिवशी दुपारी मेसेज यायला लागले. आणि ते सगळे त्याच बायकांचे, फोन करू नका म्हणणाऱ्या.

एकीनं लिहिलं होतं, 'आमच्या गावचा कासार माझ्या हाताला हात लावत नाही. तुमच्या व्हिडिओवरून शिकले.' एकीनं लिहिलं, 'पोरं शाळेत गेली की दार लावून घालते, यायच्या आधी काढते.' एक म्हातारी होती, नातीकडून लिहून घेतलेलं, 'तुमचा हात बघून वाटायचं ही बाई सुखी आहे. तुम्हीपण आमच्यातल्याच निघालात.' मी वाचत गेले. चुकीचं ट्रॅफिक. नवरा गेलेल्या, टाकलेल्या, एकट्या बायका, कुठकुठल्या गावातून रोज वेबसाइटवर येत होत्या, कारण तिथं हात पुढं केला तर मागं सार म्हणणारं कुणी नव्हतं. मी त्यांना मापं सांगत होते, रंग सुचवत होते, 'बरं ताई' म्हणत होते. आणि मला वाटत होतं की मेल्या सगळ्या मुलखात अशी एकटी मीच.

कौस्तुभ माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्यानं चष्मा काढून पुसला आणि लॅपटॉप मिटला. "तो व्हिडिओ राहू द्या मॅडम," एवढंच म्हणाला.

"राहणारच होता," मी म्हटलं.

संध्याकाळी पाच वाजायच्या सुमाराला कडेपूरच्या शालन मोहितेंचा मेसेज आला. भावजी आणि मी पोस्टात टाकायची खोकी बांधत होतो. मी तो मोठ्यानं वाचला.

'ताई, एक डझन हिरव्या, दोन-सहा. आजवर खोक्यावर तुम्ही काचसामान लिहीत होता. या खेपेला बांगड्या लिहा. मोठ्या अक्षरात लिहा. पोस्टमन आमच्याकडं टपाल सासऱ्यांच्या हातात देतो.'

हेच भावजी तिला हसायचे. आता त्यांनी स्वतः बारा बांगड्या निवडून काढल्या, एकेक वाजवून बघितली, कागदात गुंडाळली. मी खोकं बंद केलं आणि जाड पेननं वरच्या अंगाला लिहिलं, बांगड्या. अक्षर जेवढं मावेल तेवढं मोठं काढलं.

भावजींनी खोकं उचललं, निरखून बघितलं आणि आडवं करून पुन्हा माझ्यापुढं धरलं.

"वहिनी," ते म्हणाले, "या बाजूलाही लिहा."